अकरा आकडे आणि निळ्या खुणा

आम्ही ओस्लोत उतरलो ते 2022 च्या नोव्हेंबरात. यायला याहून वाईट महिना नाही, असं पुढे भेटलेल्या प्रत्येकाने सांगितलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं. झाडांना पान नाही, बर्फ अजून टिकत नाही, रस्ते ओले आणि काळे, आणि दुपारचा चहा होईतो दिवेलागण. नवऱ्याला इथे इंजिनिअरची नोकरी लागली होती. मी पुण्यातली माझी सोडली आणि दोन बॅगा व आईने दिलेली तीन किलो भाजणी घेऊन त्याच्यामागून आले.

पहिले दोन महिने आम्ही नॉर्वे पाहिलाच नाही, कागद पाहिले. पोलिसांच्या कार्यालयात बोटांचे ठसे, मग कर खात्याकडे पासपोर्ट दाखवून ओळख पटवणं, आणि मग पोस्टाने येणाऱ्या पत्राची वाट. त्या पत्रात अकरा आकडी जन्मक्रमांक असतो. पहिले सहा आकडे म्हणजे आपलीच जन्मतारीख. उरलेल्या पाचांसाठी जीव टांगणीला. तो नंबर नाही तर बँकेत खातं उघडताना नाकी नऊ, खातं नाही तर बँक-आयडी, म्हणजे बँकेने दिलेली ऑनलाइन ओळख, नाही, आणि बँक-आयडी नसला की आपण या देशात आहोत हे कुठल्याच संगणकाला पटत नाही. डॉक्टर निवडायचा तर तो हवा, भाड्याच्या करारावर सही करायची तर तो हवा. रस्त्यात कुणी घरचे केक विकत बसलं असेल तरी लोक व्हिप्सने, म्हणजे मोबाईलवरच्या ॲपने, पैसे देतात, आणि व्हिप्सलाही तोच.

नवऱ्याचं पत्र महिन्याभरात आलं. माझं येईना. फोन केला की उत्तर एकच, आम्ही पाठवलं आहे. सात आठवडे गेले. एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई टपालपेट्यांपाशी भेटल्या. सत्तरीच्या असतील. आम्ही आपापसांत त्यांना आजी म्हणतो. तोंडावर मात्र नावाने हाक मारावी लागते, इथे सगळ्यांनाच मारतात, आणि ती मारताना माझी जीभ अजून अडखळते. मी रडकुंडीला येऊन गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी आमच्या पेटीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “यात तुझं नाव कुठे आहे?”

पेटीवर फक्त नवऱ्याचं नाव-आडनाव होतं. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. इथे पेटीवर नाव नसलं की पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. आडनाव न बदलल्याने काय काय होईल याचे बरेच इशारे मी लग्नात ऐकले होते. हा त्यांत नव्हता. त्याच रात्री कागदाच्या पट्टीवर नाव लिहून चिकटवलं, पत्राची पुन्हा मागणी केली, आणि दोन आठवड्यांत अकरा आकडे घरी आले.

त्या दिवशी निघताना आजींनी आणखी एक प्रश्न विचारला होता. शनिवार-रविवारी काय करता? मी म्हटलं, घरीच असतो, अंधार असतो. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी सांगितलं की आम्ही जेवत नाही. “तूर?” त्या म्हणाल्या. “तूरला जात नाही?”

आमच्या घरात तूर म्हणजे डाळ. इथे तूर म्हणजे बाहेर पडून चालणं. ट्रेक नव्हे, फेरफटकाही नव्हे. पाऊण तासाचीही तूर असते आणि आठवड्याचीही, स्कीवरून जाता तेव्हाही तूरच. कुठे पोचलात हे त्यात येत नाही. आम्हाला हे कळायला पुष्कळ वेळ लागला, कारण आम्ही सह्याद्रीतली माणसं. रविवारी पहाटे सिंहगड, घड्याळ लावून चढायचं, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, मग खाली. वर काहीतरी असतंच. नाहीतर चढायचं कशाला?

तर पुढच्या रविवारी पाच नंबरची टी-बाने, म्हणजे मेट्रो, पकडून शेवटच्या स्टेशनावर उतरलो. सोंग्सवान. समोर तळं, मागे जंगल. तळ्याभोवतीची फेरी सव्वातीन किलोमीटरची, आणि पलीकडे नूरमार्काचं अरण्य सुरू होतं. गाडीत आमच्याशेजारी माणसं स्की उभ्या धरून बसली होती, जशी आपल्याकडे लोकलमध्ये छत्री धरतात. जंगलाच्या तोंडाशी मी सवयीने तिकीटखिडकी शोधली. नव्हती. नाव लिहायची वहीही नाही, पार्किंगची पावती फाडणारा पोरगाही नाही. या देशात ज्याने मला अकरा आकडे विचारले नाहीत असं ते पहिलं ठिकाण.

यामागे कायदा आहे. 1957 चा. पडीक जमीन, रान, डोंगर यांवरून कुणीही चालावं, मालक कुणी का असेना. जुन्या रूढीला त्यांनी कायद्यात बसवलं आणि तिला आलेमान्सरेत्तेन म्हणतात, सर्वांचा हक्क. तंबूही ठोकता येतो, फक्त राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त नाही. पेरलेल्या शेतातून मात्र जायचं नाही. 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर रानात जाळ करायला बंदी. आपल्या गायरानाची कल्पना संबंध देशावर पसरावी तसं. ओस्लोभोवतीच्या जंगलाला 2009 पासून स्वतःचा वेगळा कायदाही आहे. शहराने तिकडे सरकायचं नाही म्हणून हद्दच आखून टाकली आहे. हिंजवडीकडे बघत मोठे झालेल्या आम्हा दोघांना हे वाचून जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी उलेवोलसेतरपर्यंत गेलो. रानातलं जुनं घर, आता तिथे खानपान मिळतं. चढ आहे, पण सिंहगडाच्या मानाने काहीच नाही. आत लाकडाची शेगडी, ओल्या लोकरीचा वास, आणि गरम वॅफल. त्यावर जॅम आणि तपकिरी चीजचे काप. ते चीज ताकाच्या निवळीसारखं पाणी तासन्‌तास आटवून करतात आणि त्याची चव थेट कंदी पेढ्यावर जाते. नवरा डोळे मिटून म्हणाला, “पिठलं-भाकरी सापडली.”

हिवाळ्याबद्दल थोडक्यात सांगते. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सव्वानऊनंतर येतो आणि सव्वातीनच्या आत जातो. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ आहे त्या महिन्यांत कॉड माशाच्या यकृताचं तेल चमचाभर घ्यायचं, अशी इथली जुनी रीत. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत सगळ्यांत तो असतो. मी घेते. घरात शाकाहारी असलेला नवरा नाक दाबून घेतो आणि आईला सांगतो की ड-जीवनसत्त्व आहे. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आणि जॅकेटला लटकवायची चकाकती पट्टी, एवढं पहिल्याच आठवड्यात घ्या. आम्ही खिळे घेतले नाहीत. घसरून दुखावलेल्या मनगटाला बँडेज बांधून जानेवारी काढला.

स्की शिकलो ते फुकटच्या सामानावर. बुआ नावाची सोय आहे, तिथे खेळाचं साहित्य आठवडाभर उसनं मिळतं, पैसे न घेता. पहिल्या दिवशी सपाटीवर उभं राहणं जमेना, म्हणून शब्द शिकलो. चढ चढताना स्की व्ही आकारात टाकत जायचं, त्याला म्हणतात माशाचा काटा, कारण मागे बर्फात तसाच ठसा उठतो. उतरताना पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करायचा, त्याला म्हणतात प्लोग. म्हणजे नांगर. माझे आजोबा नांगर धरायचे. मी धरला आणि थेट झुडपात गेले. शेजारून साताठ वर्षांची एक मुलगी सुळकन गेली, थांबली, मागे वळून मला नांगर कसा धरायचा ते दाखवलं आणि निघून गेली. इथे मोठी माणसं अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाहीत. रानात मात्र बोलतात, आणि पोरं तर बोलतातच.

मे महिन्यात बर्फ गेलं तेव्हा आम्ही जाणकार झालो होतो, निदान नवरा झाला होता. त्याने कुठेतरी वाचलं होतं की उंच डोंगरात पायवाट दाखवायला दगडांवर लाल ‘टी’ रंगवतात. म्हणून त्याने नूरमार्कातही झाडांवरच्या लाल खुणा धरल्या. तासाभराने आम्ही गुडघाभर दलदलीत. पुढे पाहिलं तर खुणा सरळ एका तळ्यात उतरत होत्या आणि पलीकडच्या काठावर पुन्हा दिसत होत्या. ओस्लोच्या जंगलात लाल खुणा स्कीवाल्यांच्या आणि निळ्या चालणाऱ्यांच्या. हिवाळ्यात दलदल आणि तळी गोठतात, तेव्हा स्कीची वाट त्यांच्यावरूनच जाते. मोजे पिळताना मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

शरद ऋतूत आजींनी टोपली दिली, अळंबी गोळा करायला. पिवळी, कर्ण्यासारखी ती कांटारेल ओळखायला सोपी म्हणतात. मला सोपी वाटली नाही. पण मोसमात रविवारी सोंग्सवानपाशी जाणकार स्वयंसेवक बसतात, आपली टोपली त्यांच्यापुढे ओतायची. आमच्या टोपलीतली निम्मी त्यांनी शांतपणे बाजूला सारली. उरलेल्यांची मी आलं-लसूण घालून भाजी केली आणि वाटीभर खाली नेऊन दिली. आजींनी दुसऱ्या दिवशी वाटी परत केली, धुतलेली आणि रिकामी. पुण्यात कुणी वाटी रिकामी परत करत नाही, म्हणून मला जरा लागलं. महिन्याभराने दाराशी ब्लूबेरीच्या जॅमची बाटली दिसली.

बेसेग्गेनचं सांगायचं राहिलं. तो त्याच्या आधीचा, ऑगस्टअखेरचा शनिवार-रविवार. योतुनहाइमेनच्या डोंगरातली ही धार, एका बाजूला खाली येंदे तलाव, हिमनदीच्या गाळाने हिरवा, दुसऱ्या बाजूला बराच वर बेसवातने, निळाशार. सकाळच्या बोटीने येंदेसहाइमहून मेमुरुबूला जायचं आणि धारेवरून चालत परत यायचं, साधारण 14 किलोमीटर. सगळ्यात उंच जागा 1743 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम शंभर मीटर वर. नवऱ्याने कळसूबाईचाच हिशोब धरला होता.

मेमुरुबूचा पहिला चढ उभा. तो चढून आलो तोवर ढग खाली उतरले. वारा असा की बोलणं ऐकू येईना, आणि पाऊस आडवा. दोन्ही तळी गायब. आमच्या पुढे एक जोडपं होतं, पन्नाशी ओलांडलेलं, पोटऱ्या बघूनच कळत होतं की यांचा जन्म डोंगरात गेला आहे. ते थांबले, एकमेकांकडे पाहिलं, आणि वळले. आमच्याजवळून जाताना बाई फक्त म्हणाल्या, “नंबर आठ.”

मला कळलं. इथे डोंगरात वागायचे नऊ नियम आहेत. 1967 च्या ईस्टरमध्ये डोंगरात बरेच जीव गेले, त्यानंतर ते घरोघरी पोचले, आणि क्विक लुन्श नावाच्या चॉकलेटच्या वेष्टनावर आतून छापलेले असतात. ईस्टरला मी ते वेष्टन उलगडून भाषा शिकायला वाचलं होतं. आठवा नियम असा: वेळेत परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही.

नवऱ्याला लाज वाटत होती. “एवढे पैसे घालून आलो, एवढं चढलो, आता दोन तासांचा प्रश्न.” हरिश्चंद्रगडावर एकदा याच वाक्याने आम्ही रात्रभर भिजत बसलो होतो, आणि त्या गोष्टीचं पुढे आम्ही चार वर्षं कौतुक सांगत हिंडलो. मी त्याला वेष्टनाची आठवण दिली नाही. मी म्हटलं, मला भीती वाटते आहे. ते खरंही होतं. तो उभा राहिला, धारेकडे बघत, जिथे धार दिसत नव्हती. मग वळला आणि खाली मेमुरुबूपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तिथून तलावाच्या काठाकाठाने दुसरी वाट येंदेसहाइमला जाते, दहाएक किलोमीटर. ती धरली. पाऊस होताच, पण वारा वर राहिला. एका बर्चखाली बसून सकाळी डब्यात भरलेली थालीपिठं काढली, गार, कडेने चिवट झालेली. लोणच्याचं तेल बोटांवरून पावसाने धुतलं जात होतं. तिसऱ्या थालीपिठाला तो म्हणाला, “पाणी खरंच हिरवं आहे.”

रात्री मुक्कामाच्या झोपडीच्या वाळवणीच्या खोलीत आमचे मोजे इतर पन्नास मोज्यांच्या रांगेत टांगले होते. बाबांचा फोन आला. झालं का शिखर? नाही म्हटलं, परत फिरलो. मग एवढ्या लांब कशाला गेलात, असं विचारतील असं वाटलं होतं. थोडा वेळ ते गप्प राहिले, मग विचारलं, खाल्लंत काय? मी थालीपिठांचं सांगितलं. तर मागून आईचा आवाज आला, अजून भाजणी उरली आहे का त्यांच्याकडे? नाही, ही शेवटचीच. मग बाबा म्हणाले, मे महिन्यात येताना आणतो, दोन किलो पुरे ना?