पायपेटीपासून चर्चच्या ऑर्गनपर्यंत : आमची वाटचाल

आमचं काम जुने ऑर्गन पुन्हा वाजते करण्याचं. ऑर्गन म्हणजे पायपेटी. पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे ठेवायचे. संगीत नाटकं पाहिलेल्या मंडळींना वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या रांगेसमोर पाठमोरा बसलेला ऑर्गनवादक त्यांच्या डोळ्यांपुढे असतोच. बाकीच्यांसाठी हा मजकूर थोडा सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात वडिलांची. ते गिरगावात एका पेटीच्या कारखान्यात कारागीर होते. आकाशवाणीनं 1940 मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी 1971 मध्ये सैल केली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांनी ठाण्यात, नौपाड्यात एका जिन्याखालची जागा भाड्यानं घेतली. त्या बंदीच्या तीस वर्षांत पेटीचा धंदा बुडाला असं अनेकांना वाटतं, पण कारागिरांना तो काळ वेगळा आठवतो. रेडिओवर पेटी नव्हती तरी भजनात होती, कीर्तनात होती, नाटकात होती. आमचं पहिलं गिऱ्हाईकही भजनी मंडळंच. कळवा, दिवा आणि खाडीपलीकडची बेलापूर पट्टीतली आगरी-कोळी गावं. नवी मुंबई उभी राहत होती, शेतं जात होती, पण बुवांची भजनं थांबली नाहीत. श्रावण लागायच्या आधी पेट्यांची रांग लागायची. कुणाचा भाता फुटलेला, कुणाच्या पट्ट्या बसलेल्या, कुणाचा खर्जाचा सूर अडकलेला. सूर, म्हणजे आवाज देणारं पातं बसवलेले पितळी तुकडे, गुजरातेतल्या पालिताण्याहून यायचे, लाकूड सागवान. त्या कामावर आमचं घर चाललं आणि आजही बऱ्याच अंशी त्याच्यावरच चालतं.

ऑर्गन आमच्याकडे आला तो नाटक कंपन्यांच्या पडत्या काळात. गंधर्व नाटक मंडळी 1913 ची. बालगंधर्वांच्या गाण्यामागचा ऑर्गनचा भरलेला सूर ही मराठी रंगभूमीची ओळखच होऊन गेली. मायक्रोफोन नसताना शेवटच्या रांगेपर्यंत गायकाला सुराची सोबत द्यायची तर असंच वाद्य हवं होतं. पुढे गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी ते नाव राखलं. पण कंपन्या बसल्या तसे ऑर्गन गोदामांत गेले, शाळांच्या अडगळीत गेले, काही थेट भंगारात. वडिलांनी त्यातला एक सांगाडा उचलून आणला आणि कुणी सांगितलेलं नसताना तो खोलला. आमच्या कामाला तिथून वळण लागलं.

आत काय असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हातपेटीत आपण हवा आत कोंडतो आणि ती सुरातून बाहेर ढकलतो. अमेरिकी घडणीच्या ऑर्गनमध्ये नेमकं उलट असतं. पायटे मारले की भाते आतली हवा बाहेर फेकतात, पेटीत पोकळी तयार होते, पट्टी दाबल्यावर झडप उघडते आणि बाहेरची हवा सुरातून आत ओढली जाते. म्हणून ऑर्गनचा आवाज पेटीसारखा अंगावर येत नाही, गोल येतो. त्यात पितळी पात्याला किंचित पीळ दिलेला असतो. हे तंत्र अमेरिकेत एमन्स हॅम्लिन यांनी बसवलं. मेसन अँड हॅम्लिन ही त्यांचीच कंपनी, 1854 ची. व्हरमाँटमधल्या एस्टी कंपनीनं तर असे 5 लाखांहून अधिक ऑर्गन बनवले. जपानात तोराकुसु यामाहा यांनी 1887 मध्ये असाच एक ऑर्गन दुरुस्त केला आणि मग स्वतः बनवायला घेतले. आजच्या यामाहाचं मूळ तिथे आहे. दुरुस्तीच्या बाकावर सुरू झालेला धंदा कुठपर्यंत जातो, हे वडील नव्या पोरांना आवर्जून सांगायचे.

पोकळीवर चालणाऱ्या वाद्यात हवा धरणं हेच सर्वस्व. एक बारीक भेग पडली की वादकाचे पाय दमतात आणि सूर मात्र उठत नाही. त्यामुळे आमचं निम्मं काम कापड, चामडं आणि गोंद यांचं आहे.

गोंदाबद्दल मला जरा थांबायचं आहे. आम्ही सरस वापरतो. जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला, पाण्यात भिजवून मंद आचेवर पातळ करायचा, वास सोसायचा. बाजारात तयार पांढरा गोंद मिळतो, पटकन बसतो आणि वासही नाही. तरी सरसच, कारण सरसानं केलेला जोड गरम पाण्यानं आणि वाफेनं पुन्हा सोडवता येतो. ऑर्गनचा भाता आयुष्यात एकदाच लागत नाही. वीस-तीस वर्षांनी कापड विरतं, तेव्हा कुणालातरी तो पुन्हा उघडावा लागणार. वडिलांचा नियम एवढाच होता: पुढच्या माणसाला उघडता येईल असंच जोडायचं. नवीन आलेल्या कारागिराला आम्ही पहिले काही महिने दुसरं काही शिकवतच नाही. जुने जोड वाफेवर सोडवायचे, लाकडाचा कपचा न उडवता.

सूर काढायचं कामही तसंच संयमाचं. प्रत्येक सूर आपल्या खोबणीत घट्ट बसलेला असतो. त्याच्या टोकाला एक बारीक खाच असते. त्यात आकडा अडकवायचा आणि सरळ रेषेत ओढायचा. तिरका ओढलात की खोबण सैल होते. बाहेर आलेला सूर काळपट हिरवा असतो, पात्याखाली धुळीचा पातळ पापुद्रा. मऊ ब्रशनं तो झाडला की पातं बोटानं छेडून ऐकायचं. कितीतरी सूर एवढ्यावरच बोलू लागतात. मुके झालेत म्हणून आणलेल्या ऑर्गनमध्ये फुटलेली पाती थोडी निघतात, धूळ आणि कसर यांनी अडवलेलीच जास्त. काढलेला प्रत्येक सूर आकडे घातलेल्या फळीवर त्याच्या जागीच ठेवायचा, कारण आकारानं सारखे दिसणारे दोन सूर एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

ट्यूनिंगच्या बाबतीत गिऱ्हाइकाशी आमचा कधी कधी वाद होतो. पाश्चात्त्य स्वरमालेतल्या ‘ए’चा सूर सेकंदाला 440 कंपनांचा, हे प्रमाण 1939 च्या लंडन परिषदेनंतर रुळलं. आमच्याकडे येणारे बरेच ऑर्गन त्याआधीचे, त्यांची पट्टी, म्हणजे सगळ्या सुरांची मिळून उंची, थोडी वर किंवा खाली. लोक म्हणतात, 440 ला आणून द्या. पात्याचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, त्यामुळे आणता येतं. पण सगळेच्या सगळे सूर खरवडायचे म्हणजे शंभर वर्षांचं पितळ कायमचं कमी करायचं. खरवडलेलं पितळ परत लावता येत नाही. आपापसांत बेसूर झालेले सूर आम्ही एकमेकांशी जुळवून देतो, अख्खी पट्टी हलवत नाही. तानपुरा ऑर्गनला मिळवता येतो, तबलाही मिळवता येतो, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यातसुद्धा बारीक फिरवायची सोय असते. या अटीवर काही कामं हातची गेली आहेत. गेली तर गेली.

चर्चची कामं आली ती वसई पट्ट्यातून. एका गावच्या फादरनी चौकशी केली की गायनवृंदाचा जुना ऑर्गन आहे, बघाल का. ऑर्गन आणि मराठी उपासना यांचं नातं जुनं आहे. मिशनऱ्यांनी पायपेट्या आणल्या, घडी घालून बैलगाडीतून नेता येतील अशासुद्धा. त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती गीतांना अभंग-भजनाचं वळण दिलं. एकाच वाद्यावर ‘सौभद्र’मधली पदंही वाजली आणि मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली, गीतंही, हे आमच्या बाकावर रोज दिसतं.

फादरांचा तो ऑर्गन समुद्राच्या हवेत राहिलेला होता. तारा गंजलेल्या, मागची फळी वाळवीनं पोखरलेली, पायट्यांचे पट्टे उंदरांनी नेलेले. त्याहून अवघड म्हणजे आधी कुणीतरी भात्याचं कापड सिंथेटिक गोंदानं थेट लाकडावर चिकटवून ठेवलं होतं. ते सोडवताना लाकडाचा थर निघत होता, म्हणून बोटभर-बोटभर करत काम पुढे न्यावं लागलं. फादर दर महिन्याला यायचे, घाई एकदाही केली नाही. ऑर्गन परत गेला तेव्हा गायनवृंदातल्या एका मावशींनी आधी गुडघ्याचा दांडा हलवून पाहिला. या दांड्यानं आवाज मोठा-लहान करतात. “हा चालतो ना, मग झालं,” म्हणाल्या आणि वाजवायला बसल्या. त्या कामानंतर वसईतून आणि उत्तनकडून आणखी चौकश्या येत गेल्या.

आता लोक विचारतात, पाइप ऑर्गन करता का? नाही. ते वेगळं शास्त्र आहे. तिथे पात्यांऐवजी बहुतांशी नळ्या वाजतात, आठ फुटी स्वरमालेतली सगळ्यात खालची नळी खरोखर सुमारे आठ फूट उंच असते, आणि वारा, चामडं, लाकूड, शिसं-कथील सगळं सांभाळावं लागतं. कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमधला पाइप ऑर्गन मी मुद्दाम जाऊन पाहिला आहे, पण हात लावायची माझी पात्रता नाही. शिकण्यासारखं मात्र तिथे खूप आहे.

पॅरिसच्या नोत्र दामला 15 एप्रिल 2019 ला आग लागली तेव्हा तिथला जवळपास 8000 नळ्यांचा ऑर्गन जळला नाही, पण छपरातल्या वितळलेल्या शिशाची धूळ त्याच्यावर बसली. पुढच्या वर्षी तो उतरवायला घेतला, साफ केला, पुन्हा उभा केला, एक-एक नळी ऐकून सुरात आणली, आणि डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रल उघडलं तेव्हा तो वाजला. ते प्रक्षेपण आम्ही सगळे कारागीर गाळ्यातच बसून बघत होतो.

मला त्याहून जवळचा वाटतो तो फिलिपीन्समधल्या लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन. फादर दिएगो सेरा यांनी 1816 ते 1824 या काळात बांधलेला. 1031 नळ्या, त्यातल्या 902 बांबूच्या. भूकंप-वादळांनी खिळखिळा झाल्यावर 1973 मध्ये तो जर्मनीत बॉनला क्लाइस कंपनीकडे नेला. बांबू युरोपच्या कोरड्या थंडीत फुटेल म्हणून त्यांनी फिलिपीन्सचं उष्ण-दमट हवामान ठेवणारी खोलीच तयार केली, तिथे काम केलं, आणि 1975 मध्ये ऑर्गन घरी परतला.

हे वाचलं आणि आमच्या आताच्या, ठाण्यातल्याच वागळे इस्टेटच्या गाळ्याचा हिशोब बदलला. इथे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, मे महिन्यात पत्रा तापतो. आम्ही गाळ्यातली एक खोली बंदिस्त करून घेतली, ओल ओढणारं यंत्र बसवलं, भिंतीवर आर्द्रतामापक लावला. पण खोली फार कोरडी ठेवत नाही. ऑर्गन जिथे परत जाणार, तिथल्या हवेच्या आसपास ठेवतो. वसईचा ऑर्गन कोरड्याठाक खोलीत घट्ट बसवला तर घरी जाऊन फुगतो आणि पट्ट्या अडकतात. यंत्राच्या विजेचं बिल येतं तेव्हा बायको मला आकडा मोठ्यानं वाचून दाखवते, पण ती खोली बंद करा असं तीही म्हणत नाही. भात्यांचं कापडकाम पूर्णपणे तिच्या हातात आहे आणि ओलीनं काय होतं ते तिला माझ्याइतकंच माहीत आहे.

पैशाचं खरं चित्र असं की ऑर्गनवर महिनोन् महिने जातात आणि मजुरी त्या मानानं निघत नाही. गाळ्याचं भाडं आणि कारागिरांचे पगार निघतात हार्मोनियमवर. श्रावण ते नवरात्र ही कमाई, उरलेलं वर्ष ऑर्गनचं. महापालिकेचा राम मराठे स्मृती समारोह किंवा गडकरी रंगायतनला एखादं संगीत नाटक लागलं की ऑर्गन भाड्यानंही जातो. सोबत आमचा माणूस जातोच, कारण टेंपोतून उतरवताना पायट्यांना धरून उचलायची लोकांना सवय असते.

सध्या बाकावर एका शाळेचा ऑर्गन आहे आणि त्याला वरच्या सप्तकातले काही सूर कमी पडताहेत. त्या मापाचे सूर आता बाजारात मिळत नाहीत. मेलेल्या ऑर्गनमधूनच ते काढावे लागतात. भंगारवाले पितळाच्या वजनानं सूर घेतात, म्हणून विनंती आहे: घरात, शाळेत, देवळात, चर्चमध्ये मोडका ऑर्गन असेल तर विकण्याआधी मागची फळी काढून आतला एक फोटो आम्हाला पाठवा. वाळवी लागलेला, भाता नसलेला, अर्धाच उरलेला असला तरी चालेल. सुरांना तेल लावू नका. आणि गाळ्यावर आणणार असाल तर पाऊस संपल्यावर आणा.