घाटातली गाडी आणि बिनवायरचा थ्रॉटल: आजवरचं काम

माझं मॉडेल रेल्वेचं लेआउट म्हणजे पळसदरी ते खंडाळा, दोन भिंतींच्या कडेने, एचओ स्केल (खऱ्याच्या १:८७). आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज १:८७ ने काढला तर १९ मिमीच्या थोडा वर जातो आणि रूळ मिळतात १६.५ मिमीचे. त्यामुळे गाडी धाकट्या भावाच्या चपला घातल्यासारखी दिसते. असो, त्यावर रडून झालंय. चढ मात्र खऱ्या भोर घाटाचा, १ इन ३७. रुळांत साधा १२ व्होल्ट डीसी, डीसीसी (रुळांतून इंजिनाला डिजिटल हुकूम) नाही. आजवर थ्रॉटलला, म्हणजे वेगाच्या नॉबला, चार मीटर वायर होती आणि ती दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या पायात यायची.

फोनवरून का नाही चालवत, असं सगळे विचारतात. फोनकडे बघावं लागतं. नॉब मुठीत असला की नजर गाडीवर राहते.

हातातल्या डबीत आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), १० केचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर), दिशेचं बटण आणि ९४० नॅनोमीटरचे दोन आयआर (इन्फ्रारेड, टीव्हीच्या रिमोटसारखे) एलईडी आहेत. दोन्ही एलईडी थोडे फाकवून बसवले, प्रत्येकाला ३३ ओहमचा वेगळा रेझिस्टर, मागे एक २एन२२२२ ट्रान्झिस्टर. पॉवरला तीन पेन्सिल सेल. लेआउटच्या बाजूला टीसॉप १७३८ (आयआर पकडणारा सेन्सर), दुसरा नॅनो आणि मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर. हा ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणून १५ व्होल्टचा जुना अडॅप्टर लावला.

पहिला रविवार सेन्सरने खाल्ला. बुधवार पेठेतल्या दुकानात १७३८ संपला होता, "हा घ्या, एकच आहे" म्हणत ४८३८ हातात दिला. काम एकच, पायांचा क्रम वेगळा! १७३८ मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. ४८३८ मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. चटका बसल्यावर डेटाशीट उघडली.

दुसरा रविवार तयार कोडच्या लायब्ररीने. कोड येतोय, सिरीयल मॉनिटरवर दिसतोय, पण मोटर ढिम्म. आयआर-रिमोट लायब्ररी नॅनोतला टायमर २ स्वतःकडे घेते, त्यामुळे पिन ३ आणि ११ वरचा पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणं) जातो, आणि मी नेमका ११ वर बसलो होतो. पिन ९ वर गेलो तर ४९० हर्ट्झवर इंजिन डासासारखं गुणगुणायला लागलं. टायमर १ ची वारंवारता ३१ किलोहर्ट्झवर नेली, आवाज गेला. पण मग वेगाच्या पहिल्या तीन पायऱ्यांना इंजिन जागचं हलेना, म्हणून पहिल्याच पायरीची किंमत वाढवून ठेवली.

खरा घोळ पुढेच होता. मी आधी टीव्हीच्या रिमोटसारखे "वाढव" आणि "कमी कर" असे कोड पाठवत होतो. मधे कुणी आडवं आलं की दोन-तीन "कमी कर" हवेत विरायचे आणि गाडी घाटातल्या मंकी हिलच्या वळणावर सुसाट. आता नॉबची जागा जशीच्या तशी पाठवतो: शून्य ते २८ यातला आकडा, नॉब हलला की लगेच आणि एरवी दर अर्ध्या सेकंदाला. एनईसी या रिमोटच्या नेहमीच्या कोड-पद्धतीचा एक निरोप साधारण ६८ मिलिसेकंदांचा असतो. एखादा हुकला तरी पुढचा गाडीला खरं सांगतो.

पण पुढचा आलाच नाही तर? कल्पना खऱ्या इंजिनातल्या व्हीसीडीवरून, म्हणजे चालक सावध आहे ना हे बघणाऱ्या यंत्रावरून, उचलली. लोको पायलटने ठरावीक वेळ काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा, मग आवाज, मग आपोआप ब्रेक. माझ्याकडे दोन सेकंद निरोप नाही तर पिवळा दिवा, चार सेकंदांना बझर, सहा सेकंदांनंतर वेग पायरीपायरीने शून्यावर. एकदम तोडला तर १ इन ३७ वर मागचे डबे रूळ सोडतात, करून पाहिलंय.

बझर फारच वाजायला लागला तेव्हा कळलं की सेन्सरची दिशाच चुकली होती. तो माझ्याकडे तोंड करून होता आणि मी तर सारखा फिरतो. आता त्याचं तोंड छताकडे आहे. पांढरं छत आयआर छान परतवतं, त्यामुळे पाठ फिरवूनही गाडी ऐकते. दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की मात्र बहिरी होते. माळ्यावरच्या जुन्या सीएफएलनेही त्रास दिला, तो काढला. सेन्सरच्या सप्लायला १०० ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड लावल्यावर मोटरचा गोंगाटही थांबला. पडदा अजून शिवायचाय.

या रविवारी सात डब्यांची गाडी पळसदरीहून खंडाळ्यापर्यंत तीनदा नेली. तिसऱ्या वेळी मुद्दाम डबी खिशात टाकली. दिवा, बझर, आणि बोगद्याच्या वीतभर अलीकडे गाडी उभी.

पुढचं काम खालच्या यार्डासाठी दुसऱ्या डबीचं. दोघं एकदम बोलले तर दोन्ही निरोप वाया, म्हणून एकीचा निरोपाचा ठोका ४३० आणि दुसरीचा ५७० मिलिसेकंदांचा ठेवून बघणार आहे.