सांभाळणारी बाई आणि एजन्सीचे बिल

दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेहून ठाण्याला आले असताना मानपाड्याला वहिनीच्या घरी एक कागद वाचायला मिळाला. तो ५०० रुपयांच्या मुद्रांकावर छापलेला, घरी बाळ सांभाळायला येणाऱ्या मावशींसंबंधीचा अकरा महिन्यांचा करार होता. पगार महिना २२,००० रुपये, वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, रविवारी सुट्टी. एजन्सीचे कमिशन एका महिन्याच्या पगाराएवढे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २५,९६० रुपये. मुदतीत दोन वेळा बाई बदलून मिळेल आणि भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, अशी शेवटची दोन कलमे होती. त्यांतले दुसरे अर्थातच ठळक अक्षरांत होते.

“तुमच्याकडे किती पडतात गं?” वहिनीने विचारले. मी ८,१५१ डॉलर असा आकडा सांगितला. तो वर्षभराचा पगार असावा असे समजून तिने मान डोलावली, आणि हे केवळ एजन्सीचे पैसे आहेत, पगार वेगळा, असे सांगितल्यावर तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

न्यू जर्सीत आमच्या मुलीसाठी नॅनी शोधायची वेळ आली तेव्हा आम्हीही असेच चकित झालो होतो. तिकडच्या बऱ्याच एजन्सी नॅनीच्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराचा ठरावीक टक्का घेतात, काही जणी एकरकमी फी सांगतात. आमच्या एजन्सीचा दर १५ टक्के होता. आठवड्याला ४५ तास, ताशी २२ डॉलर असा हिशेब होता. मात्र ४० तासांच्या वरच्या प्रत्येक तासाला दीडपट दर देणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे आठवड्याचे १,०४५ डॉलर होत होते. वर्षाचे झाले ५४,३४० आणि त्याचे पंधरा टक्के म्हणजे वर सांगितलेला आकडा. त्या पैशांत आम्हाला चार उमेदवारांची माहिती, त्यांची पार्श्वभूमी तपासल्याचे अहवाल, प्रथमोपचाराची प्रमाणपत्रे आणि नव्वद दिवसांत न जमल्यास दुसरी नॅनी शोधून देण्याची हमी मिळाली. एजन्सीने आधीच्या घरांचे दूरध्वनी क्रमांकही दिले होते, आणि माझ्या मते त्या सगळ्या बाडातली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच होती. कारण एका घरच्या आईने मला वीस मिनिटांत जे सांगितले ते कोणत्याही अहवालात नव्हते.

खरा खर्च मात्र कराराच्या दुसऱ्या पानावर एका वाक्यात लपलेला होता. नॅनीची मालक एजन्सी नसून कुटुंब आहे, असे ते वाक्य होते. वाचताना ते किरकोळ वाटते; परंतु घरी येऊन, तुम्ही सांगाल त्या वेळी आणि तुम्ही सांगाल त्या पद्धतीने काम करणारी व्यक्ती ही अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने तुमची कर्मचारी असते आणि तुम्ही तिचे मालक असता. तिचा वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेला पोचला की तुम्हाला कर भरावे लागतात; २०२५ साली ही मर्यादा २,८०० डॉलर होती. एका वर्षात तेवढा किंवा त्याहून अधिक रोख पगार दिला की सोशल सिक्युरिटी (म्हातारपणच्या पेन्शनसाठीचा कर) आणि मेडिकेअर (वृद्धांच्या आरोग्य विम्यासाठीचा कर) मिळून ७.६५ टक्के मालकाने भरायचे आणि तेवढेच नॅनीच्या पगारातून कापून सरकारजमा करायचे. त्याखेरीज बेकारी विम्याचा कर, जानेवारीअखेर तिला द्यायचा डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला) आणि आपल्या प्राप्तिकर विवरणपत्राला जोडायचे शेड्यूल एच (घरकामगारांच्या करांचा तक्ता) असते. न्यू जर्सीत दर ३० तासांच्या कामामागे एक तास भरपगारी आजारपणाची रजा, वर्षाला ४० तासांपर्यंत, द्यावी लागते. जुलै २०२४ पासून तेथे घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा लागू झाला असून त्याने लेखी करार आणि कामावरून कमी करण्यापूर्वीची नोटीसही आवश्यक केली आहे.

हे सारे कोण पाळतो, असा प्रश्न वहिनीने विचारला आणि तो रास्तच होता. पुष्कळ घरांत, आपल्या लोकांच्या घरांतही, रोख पैसे हातावर ठेवून विषय संपवला जातो. पण १९९३ च्या जानेवारीत अध्यक्ष क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरलपदासाठी, म्हणजे देशाच्या न्यायखात्याच्या प्रमुखपदासाठी, निवडलेल्या झोई बेअर्ड यांना नेमक्या याच कारणाने माघार घ्यावी लागली होती. त्यांनी कागदपत्रे नसलेले जोडपे घरकामाला ठेवले होते आणि त्यांचे सोशल सिक्युरिटीचे पैसे वेळेवर भरले नव्हते. त्यानंतर १९९४ मध्ये कायदा बदलून तिमाहीला ५० डॉलरची जुनी मर्यादा वर्षाला १,००० डॉलर करण्यात आली आणि पुढे ती वाढत गेली. आम्हाला कोणी ॲटर्नी जनरल करणार नव्हते. परंतु व्हिसावर राहणाऱ्या माणसाने करखात्याशी लपाछपी खेळू नये, एवढी अक्कल आम्हाला होती.

अक्कल कमी पडली ती दुसऱ्याच ठिकाणी. ताशी २२ डॉलर हा दर करापूर्वीचा की हातात पडणारा, हे ना आम्ही विचारले, ना एजन्सीने सांगितले. पहिल्या शुक्रवारी मी तिच्या हाती धनादेश दिला, तेव्हा तिने तो वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला आणि अतिशय सौम्यपणे विचारले की, ८० डॉलर कमी का आहेत? ती हातात १,०४५ येतील असे धरून चालली होती. मुलगी तिच्या कडेवर निवांत होती, हे पाहून नवऱ्याने आणि मी त्याच रात्री दर २४ डॉलर करायचे ठरवले. त्यामुळे तिचा आठवडा १,१४० वर गेला, कपात होऊनही तिच्या हातात ठरल्यापेक्षा थोडे जास्तच पडू लागले आणि प्रश्न मिटला. पंधरा दिवसांनी एजन्सीचे पत्र आले: पहिल्या वर्षाचा पगार वाढल्यामुळे आपल्याकडून आणखी ७४१ डॉलर येणे आहे. कराराप्रमाणे ते बरोबर होते. मी ते भरले, परंतु त्यांच्या नाताळच्या शुभेच्छापत्राला उत्तर दिले नाही.

वहिनीची कथा रकमेने लहान असली तरी तऱ्हा फार वेगळी नाही. तिच्याकडे आलेली पहिली बाई बाराव्या दिवशी गावी गेली ती परतलीच नाही, आणि दुसरी मिळेपर्यंतच्या तीन आठवड्यांत एजन्सीचा फोन बहुतेक वेळा व्यग्र लागत असे. आताच्या मावशी कळव्याहून येतात आणि सगळ्यांनाच हव्या आहेत. परंतु जानेवारीत अकरा महिने संपले की करार पुढे चालवण्यासाठी पुन्हा पूर्ण कमिशन भरावे लागणार आहे. शोधून आणण्याचे पैसे एकदा घ्यावेत हे मला समजते. घरात असलेलीच बाई पुन्हा शोधून देण्याचे पैसे कसले, हे मात्र मला समजलेले नाही.

मावशी त्या वेळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बाळाचे खिमट चमच्याने घोटत होत्या आणि आमचे बोलणे ऐकत होत्या. एजन्सीने त्यांच्याकडूनही पहिल्या पगारातले ११,००० रुपये घेतले होते, हे वहिनीलाही त्या दिवशीच कळले. आमच्या एजन्सीने नॅनीकडून एक पैसाही घेतला नव्हता, हे मी सांगितल्यावर त्यांनी फक्त “असं?” म्हटले. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. मंडळाकडे नोंदणी केली आहे का, असे मी विचारले, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. एजन्सीने त्यांना तसे कधी सुचवलेही नव्हते.

“तुमच्याकडच्या बाईंचे ते ऐंशी कुठे गेले मग?” त्यांनी मला विचारले.

मी सांगितले की ते सरकारकडे जमा होतात, आम्हीही तेवढेच घालतो, आणि अशी दहा वर्षे भरली की तिला म्हातारपणी दरमहा पेन्शन मिळते.

मावशींनी चमचा वाटीच्या कडेवर निथळला. “मग कापू द्या की ताई,” त्या म्हणाल्या, आणि खिमट गार झाले का ते मनगटावर टेकवून पाहू लागल्या.