शेपटीचं भान

मामांच्या स्कूटरवर मागे बसून घोरपडीहून तुळशीबागेत जायचं, तर हाताशी वेळ हवा आणि कातडी जाड हवी. समोरचा सिग्नल अजून दोन बसथांबे लांब असतो आणि मामा ॲक्सिलरेटर सोडून मोकळे होतात. स्कूटर आपली घरंगळत राहते. मागून हॉर्न, बाजूने "ओ काका, पेट्रोल संपलं का?" असले पुणेरी आशीर्वाद. मामा ढिम्म. आम्ही पोचतो तेव्हा सिग्नल हिरवा होत असतो आणि ओरडून पुढे गेलेला तो मुलगा तिथेच पाय टेकून उभा असतो. मामांनी पाय टेकलेला मी फार क्वचित पाहिलाय.

मामा रेल्वेत ड्रायव्हर होते. कागदोपत्री लोको पायलट, पण घरात तो शब्द कुणी वापरत नाही, तेही नाहीत. आणि ड्रायव्हर तेही मालगाडीचे. लहानपणी मला ते जरा कमीपणाचं वाटायचं. एका मित्राला मी "माझे मामा डेक्कन क्वीन चालवतात" असं बिनधास्त ठोकून दिलं होतं. ते फिरत फिरत मामांच्या कानावर गेलं. रागावले नाहीत. "तिला काय, सगळे वाट देतात," एवढंच म्हणाले आणि पुन्हा चहात बिस्कीट बुडवायला लागले.

फाटकात अडकल्यावर डबे मोजायचे, हा घोरपडीच्या पोरांचा जुना खेळ. अठ्ठावन्न, एकोणसाठ असा आकडा यायचा. (वॅगनची वाघीण ज्या कुणी केली त्याला माझा साष्टांग नमस्कार. एका शब्दात लोखंडाला पंजे फुटले.) मामांचा हिशोब वेगळा. कोळशाच्या अठ्ठावन्न भरल्या वाघिणी म्हणजे साडेचार हजार टनांच्या वर. खच्चून भरलेली सिटी बस पंधराएक टनांची धरली, तर एकामागे एक बांधलेल्या तीनशे बस. लांबी जवळपास सातशे मीटर. इंजिन अलका टॉकीजच्या चौकात असेल, तर शेवटची वाघीण लक्ष्मी रोडवर कुंटे चौकाच्या आसपास. आणि एवढं सगळं रुळाला टेकलेलं कुठे असतं? प्रत्येक चाकाखाली छोट्याशा नाण्याएवढ्या जागेवर. लोखंडावर लोखंड, म्हणून गाडी घरंगळते छान, पण पकड धरताना रुसते. पहिल्या पावसाची भुरभुर सुरू झाली की गावातल्या लोकांना मातीचा वास येतो आणि ड्रायव्हरच्या पोटात गोळा. धो धो पाऊस परवडला, तो रूळ धुऊन तरी काढतो. भुरभुरीत धूळ आणि तेल यांचा चिखल होतो आणि चाकं जागच्या जागी गरगरतात. मग रुळावर वाळू सोडायची. सहा हजार अश्वशक्तीचं इंजिन शेवटी मूठभर कोरड्या वाळूवर येऊन थांबतं, हे सांगताना मामांना अजूनही हसू येतं.

पण त्यांचा खरा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे ढील. दोन वाघिणींच्या जोडात थोडी ढील असते. एका जोडात ती नगण्य, पण अठ्ठावन्न जोडांची मिळून काही मीटर होते. म्हणून गाडी काढताना पहिला नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पहिली पायरी, घ्यायचा आणि हात आवरायचा. पहिली वाघीण ताणली जाते, मग दुसरी, मग तिसरी. शेवटची हलल्याशिवाय गाडी निघाली असं म्हणायचं नाही. घाई केली तर हिसका मागे जाता जाता वाढत जातो. शेवटच्या डब्यातल्या गार्डचा चहा सांडला तर नशीब. नाहीतर कपलिंग तुटतं आणि गाडी पार्ट होते. अर्धी तुमच्याबरोबर, अर्धी मागे रानात.

ब्रेकचं आणखी निराळं. गाडीभर गेलेल्या पाइपात पाच किलोचा हवेचा दाब असतो आणि तो कमी केला की ब्रेक लागतो. ही उलटी रीत मुद्दामची: पाइप तुटला तरी गाडी आपोआप थांबावी. पण लागलेला ब्रेक मालगाडीत सुटायला पाऊण मिनिट ते एक मिनिट जातं. "सिग्नल हिरवा झाला म्हणून लगेच नॉच घेतलास, तर तू निघालास, शेपटी अजून बसलेलीच," मामा सांगतात. आणि वळणावळणाच्या रस्त्यावर, म्हणजे मिरज लाइनला शिंदवण्याच्या घाटात वगैरे, इंजिन एका वळणात आणि शेपटी भलत्याच वळणात. तिकडे काय चाललंय ते दिसत नाही. बुडाखालच्या सीटला कळतं, म्हणे.

बोरघाटाचा चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस मीटर गेलं की एक मीटर वर. स्कूटरला असला चढ जाणवतही नाही, पण मालगाडीला कर्जतहून मागे बँकर इंजिनं लावून लोणावळ्यापर्यंत ढकलावं लागतं. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ सालीच सुरू झाली होती. घाट फोडून गाडी वर यायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं माणसं पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट ओलांडत होती.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे मात्र मला मामांकडूनच कळलं. घाटात ठरलेल्या जागी गाडी पूर्ण उभी करायची. तिथला रस्ता मुळात कॅच सायडिंगला, म्हणजे वर चढून संपणाऱ्या आंधळ्या फाट्याला लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवलं की मगच पुढचा मार्ग जुळतो. नोकरीच्या ठिकाणी रोज इतकं परखडपणे कुणी माझी परीक्षा घेतली असती, तर मी कधीच राजीनामा दिला असता. मामांना त्यात अपमान वाटत नसे. उलट उभी केल्यावरची ती दोन मिनिटं त्यांना फार आवडायची. खाली दरी, मागे हजारो टन, आणि सगळं गप्प.

या कामाचं कौतुक मात्र कुणी करत नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादवांनी ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, तेव्हा पेपरात फोटो आले. त्याच्या कितीतरी आधी त्या मालगाड्या चालवत होत्या, हे मामा आम्हाला दर वेळी आठवणीने सांगतात, जणू घरचंच कुणी आहे. मालगाडीला निरोप द्यायला फलाटावर कुणी येत नाही. ती नीट पोचली याची बातमी होत नाही. आठ-दहा तासांत काहीच घडलं नाही, की मामा रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीच्या जागी, अंघोळ करून समाधानाने वरणभात जेवत.

सवयी काही जात नाहीत. सिंहगड चढताना आमची पंधरा जणांची वरात असते, तरी मामा दर वळणावर थांबून विचारतात, "शेपटी आली का?" शेपटी म्हणजे मामी. ती खाली दह्याचं मडकं हातात घेऊन बसलेली असते.

गेल्या रविवारी आम्ही फाटकात उभे होतो. पलीकडे सिग्नलला थांबलेली टँकरांची मालगाडी निघायच्या बेतात होती. मामांनी स्कूटर बंद केली, हेल्मेट काढलं आणि मान जरा तिरकी केली. शिट्टी झाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुढून आवाज आला, खट्. थोड्या वेळाने पुढचा. एकेक जोड ताणला जात तो आवाज आमच्यासमोरून शेपटीकडे निघून गेला, कुठेही न वाढता, घरातलं माणूस झोपलंय म्हणून कुणी हळू दार लावावं तसा.

"पोरगा आहे का पोरगी, कोण जाणे," मामा म्हणाले, "पण हात चांगला आहे."

फाटक उघडलं. दोन्हीकडून गाड्या एकमेकींवर तुटून पडल्या. मामांनी हेल्मेटचा पट्टा लावला, स्कूटर सुरू केली आणि आमच्या पुढची रिक्षा नीट हलेपर्यंत वाट पाहत उभे राहिले. मागून हॉर्न सुरू झाले होतेच.