इंदूर–पुणे: वरून पाचशे, रुळांवरून साडेनऊशे

इंदूरच्या मराठी घरांची निम्मी सोयरीक पुण्यात, पण रेल्वेला तिकडे सरळ वाट नाही. गाडी रतलाम, वडोदरा, सूरत करत वसईपर्यंत उतरते आणि मग कल्याणवरून घाट चढते. म्हणजे साडेनऊशेच्या आसपास किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग गुजरात. इंदूर–मनमाड ही ३०९ किलोमीटरची नवी लाइन २०२४ मध्ये मंजूर झाली, ती होईल तेव्हा होईल. सेंधवा-धुळ्यावरून सडकेनं सहाशेच्या घरात पडतं, ट्रॅव्हल्सची अख्खी रात्र जाते. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर जेमतेम पाचशे.

म्हणून या खेपेला आत्याला विमानानं नेलं. तिकिटावर सव्वा तास. पाचशे किलोमीटर आणि ताशी आठशेचा वेग, मग चाळीस मिनिटांत का नाही पोचत, हा तिचा प्रश्न. शाळेत गणित शिकवलंय तिनं, सोडते थोडीच!

एक तर तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही आलं. दुसरं, धावपट्टी काही पुण्याकडे तोंड करून बांधलेली नसते. इंदूरची ०७/२५, म्हणजे होकायंत्राचे ७० आणि २५० अंश. पुणं जवळपास दक्षिणेला. आम्ही पश्चिमेकडे उडालो आणि मग डावीकडे वळलो. पुण्याची पट्टीही पूर्व-पश्चिमच, त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या विमानाला उतरायला पुन्हा वळसा. आणि पूर्ण वेग मिळतो तो फक्त वर गेल्यावर. तिथं राहायला मिळतं जेमतेम पंधरा-वीस मिनिटं.

थंडीतली स्वच्छ सकाळ होती. माळव्याची सपाट शेतं एकदम तुटली, खाली विंध्याच्या घळी, मग निमाड. डाव्या खिडकीत नर्मदा आली. मधल्या वाळूच्या पट्ट्यांभोवती फाटून पुन्हा एक होणारी, उन्हात पांढरी. महेश्वर त्यातलं नेमकं कुठलं, ते काही कळेना. आत्यानं तरी हात जोडले. “देवी अहिल्याबाईंच्या विमानतळावरून निघालो, त्यांच्या राजधानीवरून चाललो, नमस्कार नको?” सातपुडा तिनं चहाच्या नादात घालवला. तापी मात्र मी दाखवली. पूर्वेकडून पश्चिमेला वाहणाऱ्या दोन मोठ्या नद्या एका चहात ओलांडल्या म्हणायच्या.

कप गोळा होतात न होतात तोच पट्टे बांधायची घोषणा. उतरायची तयारी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आधीपासून सुरू होते, म्हणजे कानात दडा बसला तेव्हा आम्ही अजून नगरच्याच बाजूला असणार (आता अहिल्यानगर, हेही आत्यानंच सुधारलं). लोहगाव मुळात हवाई दलाचं. सुखोई आणि आपण, पट्टी एकच.

चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत तासाला थोडं कमी. पण घरातून निघून विमानतळ, तपासणी, बसून राहणं, पट्ट्यावरची बॅग आणि लोहगाव ते कोथरूड ट्रॅफिक धरून साडेपाच तास झाले. ट्रॅव्हल्सच्या निम्म्याहून कमीच की.

आत्याचं परतीचं तिकीट मात्र तिनं ट्रॅव्हल्सचंच काढायला लावलं. लग्नातल्या साड्या आणि वर भाकरवडी, पंधरा किलोत कशी बसवायची?