अकरा वेळा चेंडू, एकही पास नाही

रग्बीच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हिडिओ लावला, तोच आमच्या टाइटहेड प्रॉपला, म्हणजे पुढच्या रांगेतल्या धिप्पाड गड्याला, झापायच्या तयारीने. ११ वेळा चेंडू हातात आला आणि ११ही वेळा तो समोरच्याला जाऊन धडकला. आठवडाभर आम्ही शेजाऱ्याला द्यायचा छोटा पास, टिप-ऑन, घोटून घेतला होता. तो गेला कुठे?

आमच्या पॉडमध्ये, म्हणजे एकत्र चढाई करणाऱ्या गटात, तीन फॉरवर्ड (धडक देणारे दणकट खेळाडू) असतात. जमिनीवरचा चेंडू उचलून पास करणाऱ्या स्क्रम-हाफकडून तो मधल्याकडे, म्हणजे प्रॉपकडे, येतो, आणि त्याच्यापुढे तीन वाटा असतात. समोरचे दोघे त्याच्यावरच झेपावले, तर शेजाऱ्याला मनगटाने टिप-ऑन. बाहेरचा बचावपटू शेजाऱ्यालाच चिकटून राहिला, तर दोघांमधल्या फटीतून स्वतः घुसायचं. सगळी फळी पॉडकडे ओढली गेली, तर पाठीमागून चाल चालवणाऱ्या फ्लाय-हाफला. ठरवायला जेमतेम सेकंद. चेंडू दोन्ही हातांत छातीपुढे असेल तोवर बचावपटू घोटाळ्यात राहतो. काखेत गेला की त्याला उत्तर मिळालं.

पाचव्या क्लिपला मी थबकलो. आमच्या गड्याचा चेंडू छातीपुढेच होता. मान वळवून तो शेजारच्या लॉककडे, पॉडमधल्या दुसऱ्या फॉरवर्डकडे, बघत होता आणि मग नाइलाजाने घुसत होता. पुन्हा पहिल्यापासून बघितलं, या वेळी फक्त लॉककडे.

संध्याकाळी प्रॉपला विचारलं. तो म्हणाला, "सर, तो माझ्या पुढे गेलेला असतो. दिला तर फॉरवर्ड पास होईल." रग्बीत हाताने चेंडू पुढे देता येत नाही.

मग आधी का नाही बोललास, असं विचारणार होतो. पण आधी मी तरी कुठे विचारलं होतं? सरावात आम्ही हातात पॅड घेऊन उभ्या असलेल्या मुलांसमोर निम्म्या वेगाने धावायचो. तिथे लॉक बरोबर वेळेवर पोहोचायचा. सामन्यात उत्साहाच्या भरात स्क्रम-हाफ वाकला की हा सुटायचा.

त्या दिवशी पॅड बाजूला ठेवले. लॉकला दोन पावलं मागे घेतलं आणि चेंडू स्क्रम-हाफच्या हातून सुटल्याशिवाय हलायचं नाही, असं बजावलं. बचाव करणाऱ्या दोघांनी कुठे जायचं, ते मी पॉडच्या पाठीमागून बोटांनी खुणावत होतो, तेही पास हवेत असतानाच. सुरुवातीला नुसते नॉक-ऑन, चेंडू हाताला लागून पुढे पडायचा. लॉक आता वेगात येत होता, पण तळवे कमरेशीच. हात आधी वर, बोटं चेंडूकडे. हे एवढ्या मोठ्या खेळाडूला सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

अर्ध्या तासाने पास बसायला लागले. लागोपाठ चार. पाचव्या वेळी लॉक अगदी हवा तिथे, हात वर करून आलेला, आणि प्रॉपने चेंडू दिलाच नाही. सरळ फटीतून निघून गेला. लॉक माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा सर, परत तेच!"

मी त्याला त्याच्या बाजूला उभा असलेला बचावपटू दाखवला. तो अजून लॉकलाच चिकटून उभा होता.