आक्का झोपली का?

जयसिंगपुरात आई शेजारणींना सांगते, "पोरगी इंग्लंडात हत्तींची डॉक्टर झालीय." मी डॉक्टर नाही. चार हत्तिणी रात्रभर काय करतात ते मी तक्त्यात भरते. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, दर पाच मिनिटांनी एक नोंद. म्हणजे एका हत्तिणीच्या रात्रीत १४४ खुणा आणि चौघींच्या मिळून ५७६. उभी, चालतेय, खातेय, झुलतेय, टेकलीय, आडवी. अंधारात बघणारे कॅमेरे इथल्या प्राणीसंग्रहालयाच्या हत्तीखान्यात रात्रभर चालू असतात आणि मी दुसऱ्या दिवशी ते चित्रण वेगाने पुढे पळवत बसते. निदान दुसऱ्या दिवशी बसावं, असं ठरलेलं होतं.

या चौघी आफ्रिकन आहेत. आपल्या देवळातल्या हत्तीच्या सवयीने बघायला गेलं तर आधी कान अंगावर येतात. माद्यांनाही सुळे, पाठीला खळगा आणि सोंडेच्या टोकाला एकाऐवजी दोन बोटं. त्या दोन बोटांच्या चिमटीत ही बाई जमिनीवर पडलेला गाजराचा तुकडा अलगद उचलते. 'ही बाई' म्हणजे चौघींतली सगळ्यात थोरली. तिचं खरं नाव इथे देत नाही. मी तिला मनातल्या मनात आक्का म्हणते, कारण माझ्या थोरल्या मावशीसारखीच तीही गुडघ्यांमुळे हळूहळू, विचार करून बसते.

आक्का चाळिशीची आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९६७ ते १९९४ या काळात हत्तींची संख्या आटोक्यात ठेवायची म्हणून अख्खेच्या अख्खे कळप मारले जायचे. मागे उरलेली काही पिल्लं प्राणीसंग्रहालयांना आणि सर्कशींना विकली गेली. आक्का त्यांतलीच एक. अशाच काही पोरक्या पिल्लांना तिथल्याच पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यानात सोडलं होतं. ती मोठी झाल्यावर त्यांना ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, तेव्हा ओळखीच्या हत्तीची हाक कुठली आणि परक्याची कुठली, हे त्यांना नीट ठरवता येईना. २०१३ साली छापलेला हा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वही मिटून बाहेर जाऊन आले होते. आता अशा पिल्लांना पकडून परदेशी विकण्यावर जवळजवळ बंदी आहे. साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या २०१९ च्या जिनिव्हातल्या परिषदेत तो निर्णय झाला. आक्काला त्याचा काही उपयोग नाही.

गोष्ट जानेवारीतली. मला ताप आला होता, मग विद्यापीठात एक अहवाल द्यायचा होता, आणि या सगळ्यात माझ्या तब्बल अकरा रात्री बघायच्या राहिल्या. एका मंगळवारी मी डबा घेऊन हत्तीखान्यावरच्या खोलीत बसले आणि ठरवलं की आज थकबाकी संपवायचीच.

पहिल्या रात्री आक्का आडवी झाली नाही. असं होतं कधीकधी. बोत्स्वानात चोबेच्या जंगलात दोन कळपप्रमुख हत्तिणींच्या सोंडेत छोटं यंत्र बसवून संशोधकांनी त्यांची झोप मोजली, तेव्हा दिवसाकाठी सरासरी फक्त दोन तास भरली, आणि तीही बहुतेक उभ्याने. आडव्या व्हायच्या त्या तीन-चार दिवसांतून एकदा. त्यामुळे एका रात्रीचं मला काही वाटलं नाही.

दुसरी रात्र उभ्याने. तिसरीही. चौथ्या रात्रीला मी डबा बाजूला ठेवला.

कारण जंगलातली हत्तीण आणि आमची आक्का यांची तुलना इथे चालत नाही. आक्काचा नेम मला पाठ होता. जवळजवळ रोज रात्री दोन खेपांत मिळून तासभर, कधी दीड तास, आणि नेहमी डाव्या कुशीवर. असा नेम अचानक मोडला तर सांध्यांची शंका आधी घ्यायची असते, कारण एकदा आडवं झालं की उठता येईल याची खात्री नसलेला हत्ती आडवाच होत नाही. पुरेशी झोप न झालेले हत्ती उभ्या उभ्या पेंगतात, गुडघे मोडतात आणि कधी कोसळतातही. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा पडण्याच्या घटना गोळा करून मांडल्या आहेत. सातव्या रात्री तीन वाजता आक्काची मान खाली गेली, पुढचा पाय लचकला आणि ती दचकून सावरली. मी ते चित्रण सहा वेळा मागे नेऊन बघितलं.

या रात्रींत तिचं झुलणंही वाढलं होतं. इथे थोडं विषयांतर करते. आपल्याकडे 'दारी हत्ती झुलतात' म्हणजे घरी लक्ष्मी पाणी भरते. माझ्या तक्त्यात मात्र झुलणं हा सगळ्यात नकोसा रकाना आहे. तीच लय, तीच जागा, उद्देश काही नाही. अमेरिकेतल्या प्राणीसंग्रहालयांच्या २०१६ सालच्या मोठ्या पाहणीत अशा एकसुरी हालचालींचा नंबर खाण्याच्या खालोखाल लागला. दिवसा १५.५ टक्के नोंदींत आणि रात्री २४.८ टक्के. २०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातेतल्या वनतारा प्राणीकेंद्रात नेली तेव्हा आमच्या सगळ्या शिरोळ तालुक्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आईच्याही. फोनवर ती म्हणाली, "आनंदात असायची गं ती, सारखी डुलायची." मी काही बोलले नाही. तेहतीस वर्षांचा लळा फोनवर खोडून काढायचा नसतो, आणि मला तशी घाईही नव्हती.

तर, अकरा रात्री. मला पहिल्यांदा वाटलं की माझीच चूक असणार. हत्तीण ओळखण्यात गफलत? नाही. तिच्या उजव्या कानाला खाच आहे आणि डावा सुळा आखूड आहे. खांबामागे कॅमेऱ्याला न दिसणारी जागा आहे, तिथे झोपत असेल? दुसरा कॅमेरा काढून बघितला, तिथेही नाही. मग खाली जाऊन कीपरांची रोजची वही उघडली. आमच्याकडे सकाळी आल्या आल्या प्रत्येक हत्तिणीच्या कुशीला वाळू लागली आहे का ते बघतात. वाळू असली म्हणजे रात्री झोपली होती, असा हिशोब. साधी, जुनी, बिनखर्चाची पद्धत. आक्कापुढे अकराही दिवस बरोबरची खूण होती. डावी कूस, वाळू आहे.

हेडकीपर बत्तीस वर्षं हत्तींत आहे. मी जे बघितलं ते सांगितलं तर त्याचा चेहरा बदलला.

"मी रोज माझ्या डोळ्यांनी वाळू बघतो," तो म्हणाला. "तुझा कॅमेरा तपास."

मी त्याला वर घेऊन आले आणि पहाटेचं चित्रण लावलं. पाच चाळीस. आक्का वाळूत सोंड घालते, मूठभर उचलते आणि डाव्या खांद्यावरून मागे उडवते. पुन्हा. पुन्हा. दहा-बारा मिनिटं तिची वाळूची आंघोळ चालली होती. सहा वाजता दिवे लागतात, कीपर येतात, त्यांना डावी कूस वाळूने माखलेली दिसते. नीट बघितलं तर फरक कळतो. झोपल्यावर वाळू सुरकुत्यांत दाबून बसते, उडवलेली वरच्यावर असते आणि पाठीवर जास्त. पण सहा वाजता, जानेवारीच्या अंधारात, चार हत्तिणींचं खाणं करायचं असताना असं कोण बघणार? आणि बघायला मी होते ना. चित्रण माझ्याकडे पडून होतं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आधीचं लाव. ती झोपत होती तेव्हाचं."

बारा दिवसांपूर्वीची रात्र लावली. आक्का कोपऱ्यात डाव्या कुशीवर. त्याने पडद्यावर बोट ठेवलं, हत्तिणीवर नाही, तिच्या खाली. "हा ढीग कुठे गेला?"

हे मला दिसलंच नव्हतं. वर्षभर मी हत्तीण बघत होते, वाळू बघितलीच नव्हती. कोपऱ्यात वाळूचा उतार असायचा, माणसाच्या कमरेइतका. आक्का त्याला पाठ लावून, अंग सोडत सोडत घसरल्यासारखी खाली जायची, आणि उठताना तोच उतार तिला रेटा द्यायचा. सपाट जमिनीवरून चार टनांचं अंग दुखऱ्या पायावर उचलणं वेगळं आणि उतारावरून वेगळं. अकरा दिवसांपूर्वी वाळू उलटीपालटी करायचा दिवस होता. लघवीने वाळू घट्ट होते म्हणून ती अधूनमधून उकरावी लागते. नेहमीचा लोडरवाला सुट्टीवर होता, त्याच्या जागी आलेल्याने काम मन लावून केलं. शेवटी अख्खा मजला अंगणासारखा छान सपाट करून ठेवला. कामाच्या यादीत 'वाळू उलटणे' एवढंच लिहिलेलं होतं. तो ढीग म्हणजे एका म्हातारीचं अंथरूण आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पशुवैद्य दुपारी आली. आमच्याकडे कुणी हत्तीच्या कुंपणात शिरत नाही. मध्ये जाड गज असतात, आक्काला शिकवलेलं आहे, ती स्वतः पाय आडव्या पट्टीवर ठेवते आणि बक्षिसाची वाट बघते. डाव्या पुढच्या पायाचा सांधा आधीपासून दुखरा होता, औषध पावातून चालूच होतं. ते थोडं वाढवलं. शेणाचे नमुने ताणाच्या संप्रेरकांच्या तपासणीसाठी पिशव्यांत भरले. ते काम माझं, आणि त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी लोडरने कोपऱ्यात नवा उतार रचला.

युरोपातल्या प्राणीसंग्रहालयांतल्या आफ्रिकन हत्तिणींच्या आयुष्याचा मध्यक १६.९ वर्षं आणि केनियातल्या अंबोसेलीत नैसर्गिकपणे मरणाऱ्यांचा ५६, हे आकडे २००८ साली छापून आले तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. माझ्या क्षेत्रात सगळे ते तोंडपाठ म्हणतात, मीही म्हणते. दिल्लीच्या प्राणीसंग्रहालयातला शंकर हत्ती १९९८ मध्ये झिंबाब्वेहून राष्ट्रपतींना भेट म्हणून आला, साथीण गेल्यावर वर्षानुवर्षं एकटा राहिला आणि २०२५ च्या सप्टेंबरात २९ व्या वर्षी गेला. त्या बातमीखालीही मी हेच आकडे लिहिले होते. त्या रात्री मात्र मला एकच आकडा हवा होता.

पहिल्या रात्री आक्काने उतार सोंडेने चाचपला, पायाने दाबून बघितला आणि मागे वळून त्याला नुसती टेकून उभी राहिली. दुसऱ्या रात्री ती तिथे पोचायच्या आत सगळ्यात धाकटी जाऊन पसरली. आक्का थोडा वेळ तिच्यापाशी उभी राहिली आणि निघून गेली. हेडकीपरने सकाळी हे बघून कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक ढीग करून घेतला.

तिसऱ्या रात्री मी घरी, रजईत, फोनवर थेट चित्रण लावून बसले होते. याची काही गरज नव्हती. एक वाजला, दीड वाजला. दोन वाजून सतरा मिनिटांनी आक्का नव्या ढिगाशी आली. पाठ लावली. मागचे पाय दुमडले. मग बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं चित्र अडकलं. आणि मग ती हळूहळू खाली गेली. एक कान वाळूवर पसरला.

तक्त्यात 'आडवी' लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा 'आडवी'. पुन्हा. तेवढ्यात फोन वाजला. तिकडे सव्वाआठ झाले होते, आईचा चहा झाला होता.

"झोपली का गं तुझी आक्का?"

"झोपली."

"मग एवढं हळू का बोलतेस?"